हिवाळी उबेचा शब्द

महोदय,
डिसेंबरच्या सकाळी पर्वतीच्या पायऱ्यांवर ऊन खात बसलेली मंडळी दिसली, की मला 'ॲप्रिसिटी' हा इंग्रजी शब्द आठवतो. अर्थ, हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. मूळ लॅटिन 'ॲप्रिकस', म्हणजे उन्हात न्हालेला. हेन्री कॉकरमच्या १६२३ च्या शब्दकोशात तो नोंदलेला आहे. पुढे मात्र इंग्रजांनी तो जवळजवळ टाकूनच दिला. इतका देखणा शब्द! आपलं 'कोवळं ऊन' कुठल्याही ऋतूतल्या सकाळचं, आणि 'ऊन खाणं' ही झाली क्रिया. नेमक्या त्या उबेला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही. मावळात, जुन्नरकडे कुणाच्या आजीच्या तोंडी तो असेल, तर वाचकांनी जरूर कळवावा.

– एक वाचक, सहकारनगर, पुणे