ओटा फोडू नका, खोलीतली हवा मोजा

मा. संपादक,
स. न.

घरातल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूबद्दलचे संदेश व्हॉट्सअॅपवर फिरत आहेत आणि ते वाचून लोक स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्याकडे संशयाने बघू लागले आहेत. ओट्यातून रेडॉन अजिबात येत नाही असे नाही, पण त्याचा वाटा किरकोळ. हा वायू घरात येतो तो मुख्यतः जोत्याखालच्या जमिनीतून. खडकातल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो. त्याला ना रंग ना वास. दर ३.८ दिवसांनी तो निम्मा होतो आणि त्यातून निघणारे पोलोनियमचे कण धुळीवर बसून श्वासावाटे फुप्फुसात जातात. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्सर्ग मोजायचे एकक) ही संदर्भ पातळी सुचवली आहे. ती पाळणे शक्य नसेल तिथेही ३०० च्या वर जाऊ नये, असे तिचे म्हणणे आहे. दीर्घकाळची सरासरी १०० ने वाढली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा मूळ धोकाच मोठा, म्हणून त्याच्यासाठी ही वाढ कितीतरी भारी पडते. अशा माणसाने पुढे सांगितलेला पंखा-पाइपचा खर्च करण्याआधी बिडी सोडावी, हे स्पष्टच सांगितलेले बरे.

आता आपल्या भागाचे. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर आहे आणि त्यात युरेनियम कमी असते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र पाडले तेव्हा बेसॉल्टचा थर ३३८ मीटर निघाला, त्याच्या खाली ग्रॅनाइटी नीस, म्हणजे ग्रॅनाइटसारखा, युरेनियम जास्त असलेला खडक. एवढ्या जाडीतून खालचा रेडॉन वर येईपर्यंत संपून जातो. भ्रंशरेषेची, म्हणजे खडकातल्या खोल भेगेची गोष्ट वेगळी. पण नांदेड जिल्ह्यात देगलूर, बिलोली, मुखेडकडे हाच ग्रॅनाइटी खडक थेट उघडा पडलेला आहे. मोजणीला सुरुवात करायची तर तिथून करावी.

खडकाखालोखाल महत्त्वाची ती घराची ठेवण. झरोके असलेल्या माळवदाच्या घरात हवा खेळती राहते. अडचण आहे ती तळमजल्यावरच्या बंद एसी खोल्यांची आणि तळघरांची. लातूर, छत्रपती संभाजीनगरला तळघरांत अभ्यासिका चालतात, मुले तिथे दिवसाचे दहा-बारा तास बसतात. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेत नाही, आतलीच फिरवतो. अशा खोलीत नुसता एक्झॉस्ट लावला आणि ताजी हवा यायला वाट ठेवली नाही, तर खोलीतला दाब घटतो आणि पंखा फरशीच्या सांध्यांतून जमिनीतलीच हवा ओढतो. उपायाच्या नावाखाली अपाय. खिडकीतला कूलर याच्या उलट वागतो. तो बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणून समोरची खिडकी उघडी असेल तर तोच चांगला. काळ्या मातीवरच्या घरांत आणखी एक भर पडते. माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, त्यात जोते हलते आणि भिंत व फरशीचा सांधा उकलतो. नखाएवढी फट पुरे होते.

मोजणी केल्याशिवाय काहीच कळत नाही. सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे एलआर-११५ ही किरणोत्सर्ग टिपणारी फिल्म लावलेला छोटा डबा ९० दिवस टांगून ठेवणे. रेडॉनमधून निघणारे अल्फा कण फिल्मवर ओरखडे उमटवतात; नंतर प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात फिल्म धुऊन ते मोजतात. डबा तळमजल्यावरच्या झोपायच्या खोलीत, जमिनीपासून एक ते दीड मीटर उंचीवर आणि भिंतीपासून ३० सेंमी दूर टांगावा. खिडकीत, पंख्याच्या झोतात, न्हाणीघरात किंवा कपाटात नको. हिवाळ्यात दारे-खिडक्या मिटलेल्या असतात आणि आतली ऊबदार हवा वर निसटताना खालून जमिनीतली हवा ओढते, त्यामुळे वर्षातले वाईट आकडे बहुधा तेव्हाच मिळतात. रेडॉन शोषून घेणारी कोळशाची डबी दोन ते सात दिवसांत उत्तर देते, पण पावसाळ्याच्या दमटपणात फसते आणि ती लगेच प्रयोगशाळेत पोचवावी लागते. डिजिटल मीटर वापरणारे हमखास पहाटेचा आकडा बघून घाबरतात. पहाटे तो चढलेलाच असतो, दुपारी उतरतो. पहिला दिवस सोडून द्यावा, किमान आठवड्याची सरासरी धरावी.

आकडा जास्त आला तर आधी सांधे बंद करावेत. भिंत-फरशीचा सांधा, नळाच्या पाइपाभोवतीची जागा, न्हाणी ट्रॅपची कड या जागा पॉलियुरेथेन सीलंटने भराव्यात. सिमेंटची खीर ओतली तर पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तडकते. मात्र केवळ सांधे भरून भागत नाही. खरा उपाय फरशीखालची हवा ओढून छतावर सोडण्याचा, आणि इथे आपल्या गवंड्यांची जुनी सवय कामी येते, कारण जोत्यात दगडी सोलिंग, म्हणजे रचलेल्या दगडांचा थर असतो. दगडांच्या पोकळ्यांतून हवा सहज सरकते. फरशीला एका कोपऱ्यात चार इंची भोक पाडावे (खालून गेलेल्या पाइपलाइन आधी बघून घ्याव्यात), आतून घमेलेभर दगड-मुरूम काढून पोकळी करावी. काम पुढे नेण्याआधी एक परीक्षा घ्यावी: पलीकडच्या कोपऱ्यात १२ मिमीचे बारीक छिद्र पाडून तिथे उदबत्ती धरावी आणि मोठ्या भोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावावा. धूर छिद्रात ओढला गेला तर ओढ तिथवर पोचते. धूर सरळ वर गेला, तर सोलिंगच्या फटी मुरमाने गच्च भरल्या आहेत किंवा मधे जोत्याचा बीम आडवा आहे; मग दुसरे भोक लागते.

चार इंची पीव्हीसी पाइप छताच्या वर न्यावा, त्याचे तोंड खिडकीपासून तीन मीटर तरी लांब असावे. आडव्या भागाला उतार जमिनीकडेच द्यावा, नाहीतर आत साचलेले पाणी पाइप बंद करते. इनलाइन, म्हणजे पाइपातच बसणारा पंखा छतावर बसवावा, घरात नव्हे. पंख्यापुढच्या पाइपात दाब असतो आणि गळती झाली तर वायू परत खोलीतच येतो. साधा स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट इथे निरुपयोगी, त्याला ओढच नसते. पाइपावर रंगीत पाण्याची यू नळी लावावी. दोन्ही बाजूंचे पाणी समान दिसले की पंखा बंद पडला असे समजावे. भारनियमनात पंखा थांबला की काही तासांत पातळी परत चढते, म्हणून त्याला इन्व्हर्टरवर घ्यावा. काम झाल्यावर महिनाभरात पुन्हा मोजणी हवीच.

ग्रॅनाइटच्या पट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यातही रेडॉन विरघळलेला असतो. त्याची भीती हवेच्या मानाने कमी. टाकीत पाणी वरून पडू द्यावे, टाकीला हवेची वाट ठेवावी, बराचसा वायू तिथेच उडून जातो.

नवे घर बांधणाऱ्यांना हे सगळे स्वस्तात जमते. पीसीसीआधी, म्हणजे फरशीखालचे साधे काँक्रीट ओतण्याआधी, चार इंच खडी, तिच्यात चार इंची पाइपचा टी, त्यावर ६०० गेजचा प्लॅस्टिक कागद, जोडाला एक फूट एकावर एक चढवून. पाइप छतापर्यंत नेऊन झाकून ठेवावा. गरज पडली तर नंतर पंखा बसवता येतो. मजुरांच्या फावड्याने कागद फाटतो, तेवढे उभे राहून बघावे.

नांदेडच्या विद्यापीठातील भौतिकशास्त्र आणि भूशास्त्राच्या विभागांनी एका हिवाळ्यात देगलूर, बिलोली, मुखेडच्या निवडक घरांत फिल्मचे डबे टांगावेत. महापालिकांनी तळघरातल्या अभ्यासिकांना परवानगी देताना ताजी हवा आत घेणारा पंखा सक्तीचा करावा आणि तिथे आधी मोजणी करून घ्यावी.

— एक वाचक, देगलूर (जि. नांदेड)