खाजनाचा निर्णय आमचा, यंत्राने फक्त दाखवावे

मा. माहिती तंत्रज्ञानमंत्री,
गोवा सरकार, पणजी

महोदय, सप्रेम नमस्कार.

सरकारी कामात एआय आणायचे, चॅटबॉट लोकांना उत्तरे देईल, असे हल्ली कानावर येते. जमिनीच्या नोंदीचा एक-चौदाचा उतारा कुठे मिळतो, एवढेच विचारायचे असेल तर ठीक. आमची अडचण वेगळी आहे.

रविवारची ग्रामसभा. झोन, म्हणजे जमिनीचा ठरलेला वापर, बदलण्याच्या नोटिशीची झेरॉक्स हातोहात फिरते: सर्व्हे नंबर, चौरस मीटर, आजचा झोन, मागितलेला झोन. जमीन खाजनातली, म्हणजे भरतीच्या पातळीखालची. बांध खारे पाणी अडवतो. बांधातली पाण्याची वाट म्हणजे मानस; तिची दारे भरतीला मिटतात, ओहोटीला उघडतात. एका कोपऱ्यात भराव पडला की पावसाचे पाणी दुसऱ्याच्या शेतात तुंबते. कोणाच्या, हे नोटिशीत नसते. मग ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे.

संगणकाच्या माउसचे जनक डग्लस एंगलबार्ट यांनी यंत्राच्या साथीने माणसाची विचारशक्ती कशी वाढवावी, यावर १९६२ साली अहवाल लिहिला. त्यात एक आर्किटेक्ट कल्पिला आहे. तो पडद्यावर इमारत मांडतो, बदल करतो, परिणाम बघतो, पुन्हा बदलतो. आकडेमोड यंत्राची, पसंती त्याची. आम्हाला हवे ते हेच, आणि त्याला आता साठ वर्षे उलटली!

सर्व्हे नंबरवर बोट ठेवले की जमिनीची उंची, नाले, मानशी दिसाव्यात. 'इथे मीटरभर भराव घातला तर?' असे विचारता यावे आणि पाणी कुठे चढेल ते नकाशावर दिसावे. उंचीचे मोजमाप जुने असेल तर तसे तिथेच लिहावे. मानस सांभाळणाऱ्याला चूक दिसली तर त्याची दुरुस्ती नोंदवायची सोय हवी. त्याच्याइतके ते पाणी कोणी पाहिलेले नसते. भाषा मराठी आणि कोंकणी.

एक मात्र नको: 'मंजुरी द्यावी' अशी यंत्राची शिफारस. ती एकदा पडद्यावर आली की नकाशाकडे कोण बघतो? सही करणाराही सुटतो, 'सिस्टीमने सांगितले' म्हणून.

शाळांत आपण कोडिंग-रोबोटिक्स शिकवता. त्या मुलांना मानशीपाशी पाण्याची पातळी मोजायला लावा, नोंदी नकाशात जाऊ द्या. सुरुवात एका खाजनापासून, एका पावसाळ्यात करा. आणि नगरनियोजन खात्याच्या टेबलावरही हाच नकाशा असावा. त्यांचा वेगळा, आमचा वेगळा नको.

आपला,
एक ग्रामस्थ, डिचोली