होमलोन एजंटला परीक्षा का नको?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

'होमलोन डीएसए बना, गुंतवणूक शून्य, घरबसल्या कमाई' (डीएसए म्हणजे बँकेला कर्जाची गिऱ्हाइकं आणून देणारा एजंट) अशा जाहिराती हल्ली मोबाईलवर नुसत्या फिरतायत आणि त्या बघून आमच्या विश्रामबागेतली पोरं माझ्याकडं येतात, काका हे काय असतंय, आम्हाला जमेल का म्हणून. मी सांगलीत बरीच वर्षं हेच काम करतोय, त्यामुळं म्हटलं पोरांना जे तोंडी सांगतो ते एकदा लिहूनच पाठवावं, आणि जोडीला माझी एक तक्रार पण आहे ती घालावी.

एजंट व्हायला काही लागत नाही, हीच खरी गंमत आहे. बँकेत नाहीतर एखाद्या मोठ्या डीएसएकडं जायचं, पॅन, आधार, कॅन्सल चेक द्यायचा, तुमचा स्वतःचा सिबिल म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर बघतात, करारावर सही केली की कोड मिळतो, झाला तुम्ही लोन सल्लागार! कमिशन बँकेप्रमाणं बदलतं पण होमलोनला साधारण पाव ते अर्धा टक्का धरा, आणि ते लोन मंजूर झाल्यावर नाही तर पैसे सुटल्यावर मिळतं, त्यातनं 2 टक्के टीडीएस जातो. बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटचं लोन स्लॅबप्रमाणं सुटतं तसं आपलं कमिशन पण तुकड्यातुकड्यानं येतं. पार्टीनं सगळं झाल्यावर व्यवहार मोडला तर पेट्रोल आपल्याच खिशातनं. म्हणून मी पोरांना सांगतो, पहिलं सहा महिने घरात दुसऱ्या कुणाचा तरी पगार चालू असला तरच या भानगडीत पडा.

आता काम काय असतं. लोकांना वाटतं गोड बोलायचं आणि फॉर्म भरायचा. अहो खरं काम कागद वाचायचं आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा तसाच पडलेला असतो, कर्ज कधीच फिटलेलं पण बोजा कमी केलेला नाही, नाहीतर बहिणींची नावं असतात आणि हक्कसोड झालेलं नसतं. जमीन भोगवटादार वर्ग 2 ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी निघाली तर परवानगीशिवाय पुढं सरकत नाही. खेड्यातनं माणूस ग्रामपंचायतीचा नमुना 8 चा उतारा घेऊन येतो, त्याला तो मालकीचा कागद वाटतो, बँकेचा वकील तो बाजूला सरकवतो आणि मागची खरेदीपत्रं, फेरफार, 30 वर्षांचा सर्च म्हणजे मालकी कुणाकडनं कुणाकडं गेली त्याचा शोध मागतो. आणि आपल्या सांगलीत तर गुंठेवारी, म्हणजे परवानगी न घेता गुंठ्यागुंठ्यानं पाडून विकलेले प्लॉट! 2001 चा कायदा आहे, 2021 ला दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं त्यात घेतली, तरी नियमितीकरणाचं प्रमाणपत्र न काढलेली कितीतरी घरं आहेत, मालक टॅक्स भरतोय, लाईटबिल आहे, पण लोनला फाईल लावली की अडकली. शामरावनगरकडची असली तर 2019 च्या पुरानंतर व्हॅल्युअर म्हणजे बँकेसाठी घराची किंमत ठरवणारा पाणी कुठंपर्यंत आलतं ते पण विचारतो.

शेतकऱ्याची तर वेगळीच तऱ्हा. तासगावच्या बाजूचा बागायतदार, बेदाण्याच्या पट्ट्या, कारखान्याची बिलं सगळं दाखवतो, पैसा आहे, पण शेतीच्या उत्पन्नाला इन्कम टॅक्स नाही म्हणून रिटर्न कधी भरलेलंच नाही, मग बँक म्हणते इन्कम प्रूफ कुठाय. अशा माणसाला हाउसिंग फायनान्सवाले लोन देतात पण व्याज चढं लावतात. इथं एजंटनं सांगायला पाहिजे की दोन वर्षं रिटर्न भरा आणि मग घ्या, पण तसं सांगितलं तर आज कमिशन बुडतं.

माझी तक्रार आहे ती इथंच. घर घेणाऱ्याला वाटतं हा आपला माणूस आहे, पैसे मात्र आम्हाला बँक देते आणि किती देते ते गिऱ्हाइकाला कळत नाही. हिशोब बघा, 30 लाखाचं लोन, 20 वर्षं, साडेआठ टक्क्यानं हप्ता 26,035 बसतो, नऊ टक्क्यानं 26,992. महिन्याला साडेनऊशे म्हणजे काहीच वाटत नाही, पण दर असेच राहिले तर 20 वर्षांत 2 लाख 30 हजाराच्या घरात जातं. आणि नऊ टक्केवाल्या बँकेकडनं एजंटला पाव टक्क्याच्या ठिकाणी अर्धा टक्का मिळाला तर त्याचे साडेसात हजार वाढतात, बस्स. साडेसात हजारासाठी सव्वादोन लाखाचा खड्डा! वरनं लोनमध्येच इन्शुरन्सचा एकरकमी प्रीमियम घुसवायचा, 'कंपल्सरी आहे साहेब' म्हणायचं. ठराविक कंपनीचाच घ्या अशी सक्ती करता येत नाही, पण सही करायच्या गडबडीत विचारतंय कोण.

दुसरीकडं बघा, विम्याचा एजंट व्हायचं तर ट्रेनिंग आणि परीक्षा आहे. म्युच्युअल फंड विकायचा तर एनआयएसएम या संस्थेची परीक्षा पास होऊन एआरएन म्हणजे नोंदणी नंबर घ्यावा लागतो, आणि किती कमिशन गेलं ते गुंतवणूकदाराच्या सहामाही स्टेटमेंटमध्ये छापून येतं. इंग्लंडात तर मॉर्गेज सल्ला द्यायला सीमॅपसारखी परीक्षा लागते आणि ते काम 2004 पासून सरकारी नियामकाच्या देखरेखीखाली आहे. आपल्याकडं हजार रुपयाची एसआयपी विकायला परीक्षा, आणि माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं कर्ज गळ्यात घालायला काही नको. रिझर्व्ह बँकेनं 1 ऑक्टोबर 2024 पासून केएफएस म्हणजे लोनची सगळी माहिती एका कागदावर द्यायची सक्ती केली, चांगलं केलं, पण बँक एजंटला किती देते ती ओळ त्यात नाही. ती घाला आणि आमची एक साधी परीक्षा घ्या. माझ्या धंद्यातली काही मंडळी हे वाचून माझ्यावर चिडणार, चिडू देत.

तोपर्यंत घर घेणाऱ्यांसाठी एकदोन गोष्टी. 30 लाखापर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के मिळतात आणि स्टँप ड्युटी, रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत, म्हणजे 30 लाखाच्या फ्लॅटला 3 लाख घेऊन आलात तर वरचे दोनेक लाख कुठनं आणणार ते आधी बघा. फ्लोटिंग रेटचं म्हणजे बदलत्या व्याजाचं लोन स्वतःच्या नावावर असेल तर आधी फेडायला दंड नाही, कुणी मागितला तर लेखी मागा. आणि एजंटला तोंडावर विचारा, तुला या बँकेकडनं किती मिळतात आणि शेजारच्या बँकेकडनं किती. मी सांगतो, विचारलं की.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची जिल्हा समिती बसते, त्यांनी निदान एवढं करावं की प्रत्येक शाखेत त्या शाखेच्या अधिकृत एजंटांची नावं बोर्डावर लावायला सांगावीत. तुमच्या बातमीदारानं पुढच्या मीटिंगला हा विषय काढला तर बरं होईल.

आपला,
एक होमलोन एजंट, विश्रामबाग, सांगली