पितळी होकायंत्र का पाठवत नाही

नागपूर,
अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवस

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास, "आपलं पितळी होकायंत्र कुरियर कर, ऑक्टोबरात इथे कोलोराडोत एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला नेतो." मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यापासून अस्वस्थ आहे. इतवारीत दोघांनी पैसे गोळा करून घेतलेलं ते यंत्र आजही माझ्या कपाटात आहे, झाकण उघडलं की सुई तशीच थरथरते. तरी ते मी पाठवत नाहीये, आणि का ते फोनवर घाईघाईत सांगण्याऐवजी नीट लिहायचं ठरवलं.

शिकारीबद्दल माझं मन तुला माहीत आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो विषय संपला आणि तो संपला हे बरंच झालं असं मला वाटतं. पण तू रीतसर परवाना काढलास, कोर्स केलास, ते मांस घरात वर्षभर खाणार आहेस. त्यावर मी वाद घालणार नाही. मला काळजी आहे ती तू परत तंबूत कसा येशील याची.

आपण दोघं एनसीसीत नकाशा वाचायला शिकलो तो भारतीय सर्वेक्षणाच्या ५५ ओ या नकाशावर. त्याच्या सात नंबरच्या तुकड्यात रामटेक, आणि तिथलाच आपला कॅम्प. १ः५०,०००, दोन समोच्च रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. उस्तादांनी शिकवलं ते साधं होतं: नकाशावर बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून जायच्या दिशेचा कोन, मोजा, होकायंत्रावर तेच धरा आणि चालू लागा. ते चालायचं, कारण नागपुरात चुंबकीय उत्तर (सुई दाखवते ती) आणि खरी उत्तर (ध्रुवाकडची) जवळजवळ एकच आहेत. फरक इतका थोडा की पायी चालणाऱ्याला तो जाणवतच नाही. आपल्या हाताला लागलेली ही सवय नागपूरच्या मातीमुळे लागली, ती सगळ्या जगात चालत नाही, हे आपल्याला तेव्हा कुणी ठासून सांगितलंच नाही.

कोलोराडोत सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेला आठ-नऊ अंश सरकलेली असते. आठ अंश कागदावर काहीच वाटत नाहीत. चालायला लाग म्हणजे कळेल: एका किलोमीटरला १४० मीटरची चूक. तीन किलोमीटर गेलास की तंबू सव्वाचारशे मीटर बाजूला. स्प्रूसच्या दाट झाडीत, संध्याकाळी, बर्फ भुरभुरत असताना चारशे मीटरवरचा तंबू दिसत नाही रे.

म्हणून हे पाठ कर. तिथे फरक पूर्वेकडचा आहे, तेव्हा नकाशावरून होकायंत्रावर येताना तो वजा करायचा. नकाशावर ६० अंश निघाले तर होकायंत्रावर ५२ धर. उलट, होकायंत्रावर डोंगर पाहून तो नकाशावर मांडायचा असेल तर आठ मिळव. उलटसुलट केलंस तर चूक आठाची सोळा होते, आणि दमलेला माणूस नेमकं हेच उलटं करतो. तिथे असं होकायंत्र मिळतं ज्यात हा फरक एकदाच स्क्रूनं लावून ठेवता येतो. आपल्या यंत्रात ती सोय नाही, म्हणून तेच घे. फरकाचा आकडा नकाशाच्या समासात असतो, उत्तर दिशा दाखवणाऱ्या तीन काड्यांच्या चित्राशेजारी, पण त्याखालचं साल बघ. चुंबकीय उत्तर दिशा सरकत असते. जुन्या नकाशावरचा आकडा आजच्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त निघू शकतो.

आता पितळी यंत्र न पाठवण्याचं दुसरं कारण. पृथ्वीचं चुंबकत्व सुईला नुसतं उत्तरेला खेचत नाही, खालीही खेचतं. नागपुरात हा झुकाव तीसेक अंशांचा, तिथे साठाहून जास्त. सुई ज्या भागासाठी तोललेली असते तिथून फार दूर नेली तर तिचं टोक खाली घासायला लागतं आणि ती अडकते. अडकलेली सुई थांबलेली दिसते, आणि आपण समजतो ती स्थिर झाली. त्या आपल्या दोस्तावर मी तुला जीव टाकू देणार नाही. तिथलंच नवं घे.

तुला रामटेकजवळच्या खिंडसी तलावाची रात्र आठवते? मी गटाचा पुढारी होतो, तू मागे पावलं मोजत होतास. दर शंभर मीटरला एक खडा एका खिशातून दुसऱ्या खिशात. चंद्र नव्हता. मी चार सेलची लोखंडी टॉर्च होकायंत्राला चिकटवून आकडा वाचत होतो. तलावाचं पाणी डाव्या हाताला हवं होतं, ते एकदम समोर आलं, इतकं जवळ की पुढच्या पावलाला बुटात शिरलं. तुझ्या खिशात सतरा खडे होते. म्हणजे अंतर बरोबर होतं, चुकली होती दिशा. तू म्हणालास, "टॉर्च लांब धर रे," आणि मी हात लांब केल्याबरोबर सुई हळूच फिरली. ती सुई फिरताना मी अजून पाहतो. अकरा पोरं माझ्या भरवशावर मागे उभी होती.

तुझ्या खांद्यावर तर रायफल असेल. बेअरिंग घेताना ती दोन-तीन मीटर दूर झाडाला टेकव. सुरीही कमरेची काढ. फोन छातीच्या खिशात असेल तर तोही बाजूला. फोनचं जीपीएस चांगलंच आहे, ने तू, पण थंडीत बॅटरी बघता बघता उतरते, म्हणून तो आतल्या कपड्यात अंगाजवळ ठेव.

शिकारीत माणूस वाट चुकतो तो बहुतेक जनावराच्या मागे जाताना, कारण तेव्हा डोळे जमिनीवरच्या रक्ताच्या थेंबांवर असतात. तेव्हा गोळी झाडलीस की लगेच पळू नकोस. जिथून झाडली तिथे उभा राहा, जनावर जिथे होतं त्या जागेचं बेअरिंग घे, उभ्या जागी नारिंगी फीत बांध, मगच पुढे जा. पलीकडून ती घळ पार वेगळी दिसते, आणि फीत नसेल तर मागचं काही ओळखू येत नाही. नंतर त्या जागेचं तंबूपासूनचं बेअरिंग वहीत लिही. एल्कचं मांस एका खेपेत येत नाही, दोनशे पौंडांच्या आसपास भरतं, चार-पाच वेळा तिथे जावं लागेल आणि त्यातली निदान एक खेप अंधारात पडेल.

तंबूकडे परतताना नेमका तंबूवर नेम धरू नकोस. तो रस्त्याला लागून आहे ना? मग मुद्दाम रस्त्यावरच्या डावीकडच्या जागेकडे चाल. रस्ता लागला की उजवीकडे वळायचं हे पक्कं माहीत असेल. नेमका नेम धरलास आणि तंबू दिसला नाही, तर डावीकडे की उजवीकडे हे कुणाला विचारशील?

नकाशा घरीच, आठवडाभर आधी उघड. तिथला १ः२४,००० चा असतो, डोंगराळ भागात समोच्च रेषा बहुतेक दर ४० फूट उंचीला एक. आपल्या डोळ्यांना त्या फार दाट वाटतील, घाबरू नकोस. खिंडी शोध, कारण जनावरं धार ओलांडायला तिथूनच जातात. उत्तरेकडे तोंड असलेले, दाट झाडीचे उतार शोध, दिवसा एल्क तिथे बसतात. म्हणजे जनावर हुडकायला जो नकाशा लागतो तोच तुला परतही आणतो. प्रत्येक सोंड, प्रत्येक ओढा बोटानं गिरव. आपण रामटेकच्या टेकडीवर हेच करायचो, आठव.

कंबरेच्या वर ५०० चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी हा तिथला रायफलच्या हंगामाचा नियम आहे, तो तू पाळशीलच. वहिनींकडे मात्र एक कागद ठेव: गाडी कुठे, कोणती घळ, किती वाजेपर्यंत परत. वाट चुकलीच तर बसून राहा. चालत सुटलेला माणूस शोधणाऱ्यांना सापडायला फार जड जातं.

आणि एक. या शनिवारी जवळच्या बागेत जा. कस्तुरचंद पार्कवर आपण चार आण्याचं नाणं ठेवून करायचो ते कर. ४० अंशांवर शंभर पावलं, मग १६० वर शंभर, मग २८० वर शंभर. नाण्यापासून किती पावलांवर थांबलास ते त्याच रात्री मला कळव. मी जागा असेन.

तुझाच दोस्त