बेल्ट दिलात, आता तो अडकवायचा कुठे तेही सांगा : कामगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : झाडांच्या छाटणीवर बकेट गाडी आणि क्रेनवरून काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांची पडण्यापासून सुरक्षा.

महोदय,
स. न. वि. वि.

आपण कामात असता याची कल्पना आहे, म्हणून आधी कामाचेच लिहितो. गेल्या आठवड्यात आमच्या शहरात वादळी पावसाने कललेला रेन ट्री उतरवताना कंत्राटदाराकडचा एक तेवीस वर्षांचा मुलगा खाली आला. ओटीपोटाची हाडे मोडली आहेत, अजून आयसीयूत आहे. दुसऱ्या दिवशी उद्यान विभागातल्या एका साहेबांनी पत्रकारांना सांगितले, ‘कामगाराने सेफ्टी बेल्ट लावलेला होता, त्यामुळे प्रशासनाकडून हलगर्जी झालेली नाही.’ ते वाचले आणि मी लिहायला बसलो.

बेल्ट लावलेला होता हे खरेच आहे. कशाला लावला होता ते साहेब बोलले नाहीत, ते मी सांगतो. जी फांदी कापायची होती तिला पट्टे टाकून हायड्राच्या, म्हणजे माल उचलून नेणाऱ्या क्रेनच्या, हुकाला टांगले होते. मुलगा बेचक्यात उभा. हाताला येईल अशी जाड फांदी तेवढी एकच, म्हणून त्याने आपल्या बेल्टचा दोर त्याच फांदीला गुंडाळून हुक लावला. खालून मुकादम ओरडतोय, ‘उरक, ट्रॅफिक तुंबलंय.’ करवत आरपार गेली, फांदीने गिरकी घेतली, क्रेनने वजन उचलले आणि फांदीबरोबर पोरगंही ओढलं गेलं. दोर तुटला तेव्हा तो बुंध्यापासून लांब, हवेत होता. बेल्ट नसता तर कदाचित मागच्या फांदीला मिठी मारून बसला असता. त्याला बेल्टनेच खाली आणले, आणि आता तोच बेल्ट साहेबांच्या बचावाला उभा आहे.

क्रेनवर जी फांदी जाणार तिला माणूस बांधायचा नाही, हा या धंद्यातला पहिला धडा. माणसाने स्वतःला कापायच्या नसलेल्या, जिवंत, मजबूत खोडाला वरच्या बाजूने बांधून घ्यायचे. नाहीतर वेगळ्या बकेटमधून काम करायचे आणि वजन उचलण्याआधी बाजूला व्हायचे. हे शिकवायला एक सकाळ पुरते. त्या मुलाला कोणी शिकवले असेल? मला तरी कोणी शिकवले नव्हते.

मी कोण, तेही सांगायला हवे. मी बी.कॉम.पर्यंत शिकलेला, आणि बरीच वर्षे बकेटवर, म्हणजे गाडीच्या लांब यांत्रिक हाताच्या (बूमच्या) टोकावरच्या पाळण्यात, काढलेला माणूस. मे 2024 मध्ये पावसाळापूर्व छाटणीच्या वेळी बकेटमधून फेकला गेलो. लोक ‘पडला’ म्हणतात, पण बकेटमधला माणूस सहसा पडत नाही, फेकला जातो. कापलेली जड फांदी खाली जाताना बकेटच्या काठावर टेकते, बूम दबतो, फांदी घसरली की दबलेला बूम उसळी घेतो आणि आतल्या माणसाला बाहेर टाकतो. कठडा कमरेएवढा असून काही उपयोग नसतो. म्हणून तर बकेटमध्ये दोर आखूड लागतो, आणि तो बूमवरच्या किंवा बकेटच्या पक्क्या कडीलाच अडकवावा लागतो. झाडाला मुळीच नाही, कारण बूम हलला की झाड आणि गाडी या दोघांत माणूस ताणला जातो. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमात हे सरळ लिहिले आहे : दोर बूमला किंवा बकेटला, शेजारच्या खांबाला बांधायला मनाई. तिथली झाडे आपल्या झाडांपेक्षा जास्त उंच आहेत म्हणून हा नियम आला असावा, असे आपल्या खात्याचे मत असेल तर तसे कळवावे.

माझ्या अंगावर तेव्हा बेल्ट, दोर काहीच नव्हते. दोन्ही टाचांवर उतरलो. टाचेचे हाड फुटले की ते पहिल्यासारखे बसत नाही, हे मला ऑपरेशननंतर कळले. प्लेट आणि स्क्रू घातलेत. उकिडवे बसता येत नाही. आमच्या चाळीतला संडास भारतीय पद्धतीचा आहे, पुढचे आपण समजून घ्यावे. तिसऱ्या मजल्यावर राहतो. खाली उतरलो की संध्याकाळपर्यंत वर जायचे नाव घेत नाही. थंडीत पहाटे पाय जमिनीला लावताना डोळ्यांत पाणी येते, आणि पोरगी विचारते, ‘बाबा, अजून दुखतंय?’ बायको पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटते. मी रात्रपाळीचा वॉचमन झालो आहे, कारण वॉचमनला बसायला खुर्ची मिळते. ज्या माणसाने भर रस्त्यावर गुलमोहराची अर्धी वाळलेली फांदी एका करवतीत, खालच्या रिक्षाला ओरखडा न लावता उतरवली, तो आता सोसायटीच्या वहीत गाड्यांचे नंबर लिहितो.

भरपाईचे ऐका. माझ्या अपघाताच्या वेळी लागू असलेल्या 1923च्या भरपाई कायद्याने अपंगत्वाचा हिशेब असा : पगार जास्तीत जास्त 15,000 धरायचा, त्याचे 60 टक्के, गुणिले वयाचा आकडा. चाळिसाव्या वर्षाला तो 184.17 आहे. डॉक्टरांनी कमाईची ताकद 20 टक्के गेली असे लिहून दिले. म्हणजे 3,31,506 रुपये. कंत्राटदाराने स्टॅम्प पेपर पुढे करून चाळीस हजार देऊ केले. वर म्हणाला, ‘तुझं नाव मस्टरवर नाहीच.’ ईएसआयचे, म्हणजे कामगार राज्य विम्याचे, कार्ड कधी निघालेच नव्हते. महापालिकेत गेलो तर म्हणतात, ‘तुम्ही आमचे कामगार नाही, कंत्राटदाराचे.’ त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात लिहिले आहे की काम करून घेणाऱ्या मूळ मालकाकडूनही भरपाई मागता येते. हे मी त्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून वाचले आणि ‘बघू’ म्हणाले. अजून बघतायत.

त्यांनी एक केले खरे. माझ्या अपघातानंतर पेपरात बातमी आली तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी प्रत्येकाला सुरक्षा साधने देऊ, प्रशिक्षण देऊ, गाड्यांची तपासणी करू, असे जाहीर केले. 2025 च्या मे महिन्यात वाटपाचा कार्यक्रम झाला. हार, नारळ, फोटो. मी कुबडी घेऊन बघायला गेलो होतो. वाटले ते कमरेचे पट्टे! उंचावरून पडणारा माणूस कमरपट्ट्याने झेलला तर सगळा झटका पोटावर आणि मणक्यावर येतो. अमेरिकेतल्या बांधकामांवर पडणाऱ्याला झेलायला असा पट्टा वापरणे 1998 पासून बंद आहे. लागतो तो फुल बॉडी हार्नेस : खांद्यावरून, मांड्यांमधून पट्टे आणि पाठीवर कडी. आपल्याकडे त्याचे मानक आहे, आयएस 3521. बाजारात बरा हार्नेस दोन-तीन हजारांत मिळतो. वाटपाच्या मांडवाचा खर्च मी विचारत नाही.

त्या दिवशी डेपोत उभी असलेली बकेट गाडी मी जवळून पाहिली. बूमच्या टोकाला, बकेटच्या वर, दोर अडकवायची कडी होती. कारखान्यातून आलेली, व्यवस्थित. त्या कडीत तार ओवून फलक बांधला होता : ‘पावसाळापूर्व कामे प्रगतीपथावर’, खाली चार चेहरे, हात जोडलेले. मुकादमाला म्हटले, ही कडी माणसासाठी असते. तो म्हणाला, ‘फलक काढला तर माझी नोकरी जाईल, माणूस पडला तर कंत्राटदार बघेल.’ तो खोटे बोलत नव्हता.

प्रशिक्षण? एका हॉलमध्ये पंखे लावून स्लाइड दाखवल्या. झाड नाही, बकेट नाही. वर हार्नेसमध्ये लटकलेला माणूस खाली कसा घ्यायचा, यावर एक शब्द नाही. आणि हे समजून घ्या, साहेब : हार्नेसने माणूस झेलला म्हणजे काम संपले असे नाही. पायांत रक्त साठून लटकलेला माणूस बेशुद्ध पडतो, त्याला मिनिटांत खाली घ्यावे लागते. बकेट खालच्या कंट्रोलने उतरवता येते, पण खाली उभ्या असलेल्याला तो दांडा कुठला हे माहीत हवे ना! आमच्या गाडीच्या खालच्या कंट्रोलच्या पेटीला कुलूप असायचे आणि किल्ली ड्रायव्हरकडे, आणि ड्रायव्हर टपरीवर.

आता कायद्याचे. कारखान्यात उंचावर काम करणाऱ्यासाठी 1948च्या कायद्यात कलम होते, पण झाड हा कारखाना नाही. बांधकाम कामगारांसाठी 1996चा कायदा होता, एक टक्का उपकर आहे, मंडळ आहे, सुरक्षा संच आहे, भांड्यांचा संच आहे. त्या कायद्याच्या व्याख्येत इमारती, रस्ते, रेल्वे, धरणे, बोगदे सगळे होते, फक्त झाड नव्हते. रस्त्याला खड्डा पाडणारा कामगार त्यात बसायचा, रस्त्यावर पडणारे झाड उचलणारा बसायचा नाही. मग 21 नोव्हेंबर 2025 पासून चार नव्या श्रमसंहिता आल्या. मोठी जाहिरात झाली. मी वाचल्या, रात्रपाळीला वेळ असतो. कंत्राटी कामगारांच्या तरतुदी केंद्राच्या मूळ कायद्यात वीस माणसांच्या कंत्राटदाराला लागू व्हायच्या; महाराष्ट्राने ते आधीच पन्नास केले होते, आता संहितेतही पन्नास. छाटणीच्या कंत्राटदाराकडे पन्नास माणसे कधी पाहिलीत का? एका गाडीवर पाच जण, आणि कागदावर त्यातले दोन. म्हणजे पूर्वी आम्ही कायद्यातून निसटायचो, आता कायद्यानेच आम्हाला मोकळे सोडले.

झाडांचे मात्र उत्तम चालले आहे. 1975 पासून त्यांच्या संरक्षणाचा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरण आहे, वृक्ष अधिकारी आहे, जाहीर नोटीस आहे, हरकती आहेत. पन्नास वर्षांच्या झाडाला हेरिटेजचा मान आहे. 2019 साली 33 कोटी झाडे लावायचा संकल्प झाला. माझा झाडांवर राग नाही, माझे आयुष्य त्यांच्यावरच गेले. फक्त झाडाची फांदी विनापरवाना तोडली तर गुन्हा, आणि फांदी तोडणारा मोडला तर नुसती नोंद, हे गणित एकदा समजावून सांगा.

आणि गोविंदा. मी स्वतः पथकात होतो, तेव्हा कोणी गैरसमज करून घेऊ नये. 2022 मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी क्रीडाप्रकाराचा दर्जा दिला, गोविंदांना विमा जाहीर केला, मृत्यू झाला तर दहा लाख. चांगलेच केले. मग छाटणीलाही साहसी खेळ म्हणा. आम्ही थर लावत नाही, एकटेच चढतो, हातात चालू चेन सॉ असते, आणि खाली झेलायला पथकही नसते. हंडी फोडल्यावर बक्षीस मिळते, फांदी तोडल्यावर रोजी मिळते, तीही ठेकेदाराच्या मर्जीने उशिरा. पण आमच्या खाली स्टेज नसते आणि स्टेजवर कोणी नेता नसतो, म्हणून आमचा विमा नाही. असेच आहे ना?

मूळ दुखणे टेंडरमध्ये आहे. सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम. अंदाजपत्रकाच्या खाली कितीतरी टक्के उतरून काम घेतले की ते पैसे कुठून तरी काढायचे असतात. डिझेल कमी करता येत नाही, गाडीचे भाडे कमी करता येत नाही. मग माणूस स्वस्त करायचा. बकेट गाडी दुसरीकडे अडकली म्हणून हायड्रा बोलवायचा. हायड्रा हे माल उचलून न्यायचे यंत्र, त्याच्या हुकाला लोखंडी पिंप टांगून त्यात माणूस उभा करायचा आणि म्हणायचे, ‘पाच मिनिटांचं काम आहे.’ बिल काढताना अभियंता झाडांची संख्या मोजतो, फांद्यांचे ट्रक मोजतो. वर माणूस कशाला बांधलेला होता हे मोजायचा रकाना त्या मोजमाप पुस्तकात नाही, आणि ज्याला रकाना नाही ते सरकारात अस्तित्वात नसते.

मला काय हवे? माझ्या टाचा तुम्ही परत देऊ शकत नाही, तो विषय सोडा. प्रत्येक बकेटवर मोकळी, तपासलेली कडी असावी आणि ती नसेल तर त्या दिवसाचे बिल निघू नये. कमरपट्टे परत घ्या, हार्नेस आणि बकेटसाठी आखूड दोर द्या. हायड्राला माणूस टांगणे सरळ गुन्हा करा. वर चढणाऱ्या प्रत्येकाचे नाव चढण्याआधी मस्टरवर आणि विम्यात असावे. अपघातानंतर मस्टर लिहायची जी कला आहे ती बंद करा. छाटणीचे काम बांधकाम कामगारांच्या व्याख्येत घाला, नाहीतर वेगळा नियम काढा, मला शब्दाशी देणेघेणे नाही. आणि त्या मुलाच्या बाबतीत ‘बेल्ट होता’ हे वाक्य चौकशी अहवालात जाण्याआधी अहवाल लिहिणाऱ्याला एकदा बकेटमध्ये उभे करून वर न्या.

रुग्णालयात मुलाच्या आईला परवा कंत्राटदाराचा माणूस भेटून गेला. हातात स्टॅम्प पेपर होता. रक्कम मी विचारली नाही. सही करू नका एवढेच तिला सांगितले आहे, पण औषधांचे बिल रोज वाढतेय आणि ती किती दिवस थांबेल हे मला माहीत नाही. आपल्या खात्यातला एखादा अधिकारी या आठवड्यात तिथे पोचला तर बरे होईल. पत्ता या पत्राच्या मूळ प्रतीसोबत जोडला आहे.

कळावे,
आपला,
एक माजी बकेटवाला

प्रत माहितीसाठी : मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य