‘एकोणीस-वीसचाही फरक नाही’ सांगून दुसराच राखाडी दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा व्यवस्थापक यांस,

महोदय,

मी जुळे सोलापुरात राहते. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेसाठी माहेरची माणसं येतात, म्हणून डिसेंबरातच हॉल रंगवायला काढला. तुमच्या शेडकार्डावरचा एक राखाडी पक्का केला, तीन भिंतींना दोन-दोन हात झाले आणि चौथ्या भिंतीला रंग कमी पडला. दुकानात गेलो तर त्या शेडला लागणारं एक टिंटर, म्हणजे पांढऱ्या रंगात मिसळायचा गडद रंग, मशीनमध्ये संपलेलं. तिथे बसलेला तुमच्याच कंपनीचा प्रतिनिधी म्हणाला, "शेजारचा घ्या, एकोणीस-वीसचाही फरक नाही. एलआरव्ही, म्हणजे उजेडाचा आकडा, बघा, दोन्हींचा सारखाच." कार्डावर नखाएवढे दोन चौकोन, वर दुकानातले पिवळे दिवे. आम्हालाही फरक दिसला नाही.

भिंतीवर मात्र दिसला. आमच्या हॉलला पश्चिमेची एकच मोठी खिडकी आहे. संध्याकाळचं ऊन शहाबादी फरशीवरून वर येतं तेव्हा चारही भिंती जवळपास एक वाटतात. पण सकाळी, आणि रात्री पांढरी ट्यूब लावली की चौथी भिंत चक्क जांभळट होते. कोपऱ्यात, जिथे दोन रंग भेटतात, तिथे वरपासून खालपर्यंत पट्टीने ओढल्यासारखी रेघ दिसते. पेंटर म्हणाला, "वाळला की बसेल ताई." आठ दिवस झाले, बसलेला नाही.

मग मी दुकानदाराला मशीनच्या पडद्यावर दोन्ही शेड उघडायला सांगितले. आम्ही निवडलेल्या शेडमध्ये काळ्याबरोबर पिवळं ऑक्साइड पडतं, दिलेल्या शेडमध्ये काळ्याबरोबर निळं आणि थोडं जांभळं. एलआरव्ही हा शून्य ते शंभरचा आकडा भिंत किती उजेड परत टाकते एवढंच सांगतो. राखाडी पिवळ्याकडे झुकतो की जांभळ्याकडे, हे त्यात कुठेच येत नाही. हे मला आता कळलं, पण तुमच्या माणसाला तेव्हाच माहीत असायला हवं होतं, आणि पडदा त्याच्या समोरच होता.

तुमच्या फोनवर उत्तर मिळालं, "टिंट केलेला माल परत घेत नाही." शेड मी चुकवला असता तर हा नियम मी निमूट मान्य केला असता. इथे सल्ला तुमचा होता.

मला पहिल्या शेडचा चार लिटर रंग आणि त्या भिंतीच्या दोन हातांची मजुरी हवी आहे. शिवाय शेडकार्डावर प्रत्येक राखाडीपुढे त्याचा झुकाव छापा, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या घरी असं होणार नाही. बिल, दोन्ही शेडचे कोड आणि सकाळी व रात्री काढलेले कोपऱ्याचे फोटो सोबत जोडले आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर इथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवणार आहे.

आपली,
एक ग्राहक, सोलापूर