फोटोला पाऊण पान, आजाराला दोन ओळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण चौदा वर्षांच्या एका मुलावर लेख छापला होता. त्याला जो आजार आहे तोच मला आहे. न्यूरोफायब्रोमॅटोसिस, प्रकार १, म्हणजे मज्जातंतूंवर गाठी येण्याचा जनुकीय आजार. मी सोळा वर्षांची आहे. माझ्या डाव्या कानशिलापासून गालापर्यंत गाठ आहे आणि तिच्या भाराने डावी पापणी खाली आली आहे. म्हणजे आपल्या लेखाच्या हिशेबाने मीसुद्धा एकाच वेळी ‘दुर्दैवी’ आणि ‘झुंजार’. घरात सगळ्यांनी लेख वाचला, पेपर घडी करून ठेवला आणि कोणी चकार शब्द काढला नाही. म्हणून मीच लिहायला बसले.

मथळ्याखाली मोठ्या अक्षरात ‘एलिफंट मॅनचा आजार’ असं आहे. हे छापण्याआधी कोणाला तरी विचारायला हवं होतं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये जोसेफ मेरिकला त्या नावाने पैसे घेऊन लोकांना दाखवत. त्याला आमचाच आजार होता असं पुढे कित्येक दशकं मानलं गेलं, हे खरं. पण १९८६ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की त्याची लक्षणं प्रोटिअस सिंड्रोम या वेगळ्या आणि फार दुर्मीळ आजाराशी जास्त जुळतात. त्यालाही आता चाळीसेक वर्षं होत आली! तरी खेळाच्या जाहिरातीतलं ते नाव अजून आमच्या डोक्यावर येऊन बसतंच. माझ्या वर्गातल्या एकीने तुमचा लेख वाचून ते नाव मोबाइलवर शोधलं आणि पुढचे काही दिवस ती बाकाच्या अगदी टोकाला सरकून बसत होती. तिला काय बोलणार? हा आजार संसर्गजन्य नाही, एवढं एक वाक्यही लेखात नव्हतं.

होतं काय, तर फोटो. पाऊण पानभर, अगदी जवळून घेतलेला, गाठीवर उजेड पडेल असा. फोटोखाली ‘पालकांच्या परवानगीने’. त्या मुलाला कोणी विचारलं होतं का? चौदाव्या वर्षी माणसाला आपला चेहरा कुठे छापला जावा आणि कुठे नाही, हे नक्की कळतं. शाळेच्या ग्रुप फोटोत मी कुठे उभी राहायचं, हे मी त्याच्यापेक्षा लहान असल्यापासून ठरवत आले आहे. (डावीकडून शेवटची. म्हणजे डावा गाल कडेला जातो.) तो उद्या कॉलेजात जाईल, नोकरी शोधेल, आणि कोणीही त्याचं नाव टाइप केलं की पहिला हाच फोटो समोर येईल.

आजाराबद्दलच्या दोन ओळींपैकी एक चुकीची होती. ‘आईवडिलांकडून आलेला’ असं म्हटलंय. सुमारे निम्म्या रुग्णांच्या आईवडिलांपैकी कोणालाही हा आजार नसतो. जनुकातला बदल त्या मुलातच पहिल्यांदा घडलेला असतो. माझं तसंच आहे. हे जनुक सतराव्या गुणसूत्रावर असतं. ते न्यूरोफायब्रोमिन नावाचं प्रथिन तयार करतं आणि ते प्रथिन पेशींच्या वाढीला लगाम घालतं. लगाम सुटला की मज्जातंतूंवर गाठी येतात. यात गरोदरपणी आईने काय खाल्लं, काय केलं याचा काडीचाही संबंध नाही. माझ्या आईला हे माहीत आहे, तरी लेख वाचून ती पुन्हा गप्प झाली, कारण आता शेजारणी वाचणार.

साधारण तीन हजार जन्मांमागे एका मुलाला हा आजार असतो. म्हणजे तुमच्या वाचकांपैकी काहींच्या घरात नक्की असणार, आणि त्यांना कदाचित माहीतही नसेल. लहान मुलाच्या अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे, ५ मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग दिसले, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावं. डाग दुखत नाहीत, खाजत नाहीत, म्हणून लोक ‘जन्मखूण’ म्हणून सोडून देतात. डोळ्याच्या नसेवर गाठ असू शकते, पाठीचा कणा वाकू शकतो, रक्तदाब वाढू शकतो. वेळीच कळलं तर यावर लक्ष ठेवता येतं. हे छापलं असतं तर कोणाच्या तरी उपयोगी पडलं असतं.

लोक माझ्या गालाकडे बघतात, पण आम्ही घरात ज्याला घाबरतो ते बघून कळत नाही. गाठ सतत दुखायला लागली, झपाट्याने वाढली किंवा कडक झाली, तर ती कर्करोगाकडे वळत असू शकते. या आजारात आयुष्यभरात तशी गाठ होण्याची शक्यता सुमारे ८ ते १३ टक्के. त्यामुळे मी सहज ‘गाल दुखतोय’ म्हटलं तरी सगळं घर स्तब्ध होतं. एकदा दाढ निघाली होती.

लेखात ‘उपाय नाही’ असंही आहे. समूळ बरं करणारा उपाय नाही, बरोबर. माझी गाठ मज्जातंतूंमध्ये वेलीसारखी गुंतलेली असल्याने ती पूर्ण कापून काढता येत नाही. पण शस्त्रक्रियेने न निघणाऱ्या अशा गाठींसाठी सेल्युमेटिनिब नावाच्या औषधाला अमेरिकेत एप्रिल २०२० मध्ये मान्यता मिळाली. चाचणीत सुमारे दोन तृतीयांश मुलांच्या गाठी निदान २० टक्क्यांनी आकसल्या. मी ते घेते. माझी थोडी आकसली आहे आणि दुखणं बरंच कमी झालंय. दुष्परिणाम म्हणून चेहऱ्यावर मुरमांसारखं पुरळ उठतं. माझी मैत्रीण म्हणाली, चला, एक तरी गोष्ट आमच्यासारखी झाली!

आणि ते ‘झुंजार’. मी एमआरआयच्या नळीत पडून राहते, कारण डॉक्टर सांगतात. यात शौर्य कसलं? भूमितीत मी कच्ची आहे. या आजारात अनेकांना शिकताना अडचणी येतात, त्यामुळे असेल, किंवा मी अभ्यास करत नाही त्यामुळेही असेल. आई दुसरं कारण धरून चालते.

आपण दुरुस्ती छापावी, मेरिकची आणि आनुवंशिकतेची दोन्ही. वेब आवृत्तीतला फोटो ठेवायचा की काढायचा, ते त्या मुलाला स्वतःला विचारावं. आणखी माहिती हवी असेल तर मी बोलायला तयार आहे. प्रश्न मात्र आईला नाही, मला विचारायचे, आणि परीक्षा संपल्यावर.

आपली,
अकरावीतली एक वाचक
(कृपया नाव छापू नये.)